आठ तासांचा आकडा, बारा तासांची ड्युटी

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पैठण या छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींत कामगाराच्या प्रकृतीचा विषय निघाला, की बोलणे बहुधा एका वाक्यापाशी येऊन संपते : हवेची तपासणी झालेली आहे, सर्व घटक विहित मर्यादेच्या आत आहेत. व्यवस्थापन हे सांगते, सल्लागार अहवालात लिहितो आणि कामगारांचे पुढारीही ते ऐकून पुष्कळदा गप्प होतात. त्यानंतर प्लेटिंगच्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नाकातून येणारे रक्त, किंवा पेंट शॉपमधल्या पोराचे रोजचे डोके दुखणे, ही ज्याची त्याची खासगी बाब ठरते. तंबाखू, जागरण, वय, काहीतरी कारण सापडतेच.

ते वाक्य खोटे असते असे माझे म्हणणे नाही. मोजणी प्रामाणिकपणे झाली, यंत्र नीट होते आणि आकडा खरोखरच मर्यादेखाली आला, असे धरूनच मी पुढे बोलणार आहे. माझा आक्षेप त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. मर्यादेच्या आत असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. आणि ड्युटी बारा तासांची झाली, तर ज्यांनी मर्यादा ठरवली त्यांच्याच हिशेबाने ती सिद्ध होत नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. पूर्वपक्ष म्हणतो : विष ठरते ते मात्रेने. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस हे बोलला. तीक्ष्ण विषही युक्तीने दिले तर उत्तम औषध होते, ही समज त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेत आहे. तेव्हा हवेत रसायन आहे एवढ्यावरून घबराट करू नये, किती आहे ते पाहावे. दुसरे असे, की मर्यादा ठरवताना प्राण्यांवरच्या प्रयोगात निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेला शंभराने भागतात, म्हणजे माणसासाठी भरपूर जागा सोडलेली असते. तिसरे, कायद्याला आकडा लागतो. ‘हवा चांगली असावी’ असे लिहून कुणावर खटला भरता येत नाही. आणि चौथे, शून्य मागाल तर कारखाना बंद पडेल, आणि मराठवाड्यात कारखाना बंद पडला तर माणूस परत कोरडवाहू शेतीत किंवा ऊसतोडीच्या टोळीत जाईल. तिथे त्याची प्रकृती अधिक सुखरूप राहील असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

पहिला आणि तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. चौथ्याकडे नंतर वळू. दुसऱ्या मुद्द्यात मात्र दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, आणि ती इतकी पसरली आहे की विज्ञानाचे पदवीधरही तिला बळी पडतात.

शंभराने भागण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये सुचवली. प्राण्यावरून माणसाकडे येताना दहा, आणि एका माणसावरून दुसऱ्या, नाजूक माणसाकडे जाताना आणखी दहा. अन्नात मिसळली जाणारी द्रव्ये आणि अन्नावर उरणारी कीटकनाशके यांच्यासाठी ही रीत रूढ झाली. कारखान्यातल्या हवेचे आकडे या वाटेने आलेले नाहीत. त्यांचा उगम अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एका खासगी संघटनेत आहे. १९३८ मध्ये ती स्थापन झाली, १९४६ मध्ये तिने आपली पहिली यादी काढली आणि १९५६ पासून त्या आकड्यांना ‘थ्रेशोल्ड लिमिट व्हॅल्यू’ हे नाव मिळाले. या आकड्यांची तिने केलेली व्याख्याच नीट पाहावी. आयुष्यभर, रोजच्या रोज या पातळीला काम करूनही ‘जवळजवळ सर्व’ कामगारांना अपाय होणार नाही, असे ती म्हणते. सर्व असे ती म्हणत नाही. शिवाय हे आकडे म्हणजे सुरक्षित आणि धोकादायक यांच्यामधली रेषा समजू नये, ते कायदेशीर मानक म्हणून तयार केलेले नाहीत, असा खुलासा ती संघटना स्वतःच करत आली आहे.

तरी ते कायद्यात गेले. अमेरिकेने १९७१ मध्ये १९६८ची यादी जवळपास जशीच्या तशी उचलली. आपल्याकडे डिसेंबर १९८४ला भोपाळ घडले आणि १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांवरचे एक नवे प्रकरण आले. त्यातल्या ४१-फ या कलमाने कामाच्या जागी कोणते रसायन किती असावे याची सारणी दुसऱ्या अनुसूचीत बसवली. ती सारणी बहुतांशी त्या काळच्या अमेरिकी यादीचेच प्रतिबिंब होती. भोपाळच्या वायूचा, मिथाइल आयसोसायनेटचा, आकडा त्यात ०.०२ पीपीएम आहे. अमेरिकी यादीत तो दुर्घटनेच्या आधीपासून होता. आकडा असण्याने त्या रात्री काहीच अडले नाही, हेही या ठिकाणी लक्षात ठेवावे.

आपण कायदा करत होतो त्याच सुमारास त्या आकड्यांच्या जन्मकुंडल्या तपासल्या जात होत्या. १९८८ मध्ये कॅसलमन आणि झीम यांनी दाखवून दिले की शंभराहून अधिक रसायनांचे आकडे ठरवताना कंपन्यांनी कळवलेल्या, कुठेही प्रसिद्ध न झालेल्या माहितीवर मोठी भिस्त ठेवली गेली होती. १९९० मध्ये रोच आणि रॅपपोर्ट यांनी आकड्यांमागची कागदपत्रे वाचून काढली. त्यांना दिसले, की कित्येक रसायनांच्या बाबतीत मर्यादेच्या पातळीवरही कामगारांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आकड्यांचा मेळ आजाराच्या प्रमाणाशी फारसा बसत नव्हता. तो बसत होता त्या काळी कारखान्यांत प्रत्यक्ष असलेल्या पातळीशी. म्हणजे उद्योगाला जे आधीच जमत होते, तेच पुष्कळदा मर्यादा म्हणून लिहिले गेले. या टीकेनंतर ती संघटना बदलली आणि तिने एकामागून एक आकडे खाली आणले. आपली सारणी तिच्यामागून चालत गेली नाही.

किती मागे राहिली याचा अंदाज वाळूजच्या नेहमीच्या कामांवरून घेता येतो. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले. वेल्डिंग, पेंटिंग, प्लेटिंग ही या वसाहतीची रोजची कामे. वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असते. ते मेंदूवर परिणाम करते, हात कापू लागतात, चाल बदलते. आपल्या सारणीत मँगनीजच्या धुराची मर्यादा घनमीटरमागे १ मिलिग्रॅम आहे. अमेरिकी संघटनेने २०१३ पासून श्वासात खोलवर जाणाऱ्या मँगनीजसाठी ०.०२ मिलिग्रॅम सांगितले आहे. थिनरमधल्या टोल्युइनला आपल्याकडे १०० पीपीएम चालते. त्यांनी तो आकडा आधी ५०वर आणि २००७ मध्ये २०वर आणला.

पण या मुद्द्याचा खरा गाभा क्रोम प्लेटिंगमध्ये आहे. त्यापाशी थोडे थांबू.

प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक आम्लाचे गरम द्रावण असते. त्यातून वीज जाऊ लागली की हायड्रोजनचे बुडबुडे वर येतात, पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा आम्लाचा बारीक तुषार हवेत उडवतो. त्या तुषारात सहा संयुजेचा क्रोमियम, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतो. तो कातडीवर खोल, गोल जखमा करतो आणि नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडतो. हे भोक पुष्कळदा दुखतही नाही. म्हणूनच ‘सवय झाली की काही होत नाही’ असे जुने कामगार नव्यांना सांगतात, आणि ते मनापासून सांगत असतात. सवय होते ती वेदनेची जाणीव गेल्यामुळे. फुप्फुसाला अशी सवय होत नाही. हेक्साव्हॅलंट क्रोमियम माणसात फुप्फुसाचा कर्करोग घडवतो याबद्दल आता वाद उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात ठेवले आहे.

आपल्या दुसऱ्या अनुसूचीत क्रोमिक आम्ल आणि क्रोमेटची मर्यादा, क्रोमियम म्हणून मोजता, घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेची जुनी कायदेशीर मर्यादा याच्या अगदी जवळ, ५२ मायक्रोग्रॅम होती. ती बदलावी असा अर्ज तिथल्या कामगार संघटनेने आणि नागरिकांच्या एका संस्थेने १९९३ मध्ये केला. सरकारने वर्षानुवर्षे काही केले नाही, शेवटी न्यायालयाने वेळापत्रक आखायला लावले आणि २००६ मध्ये नवी मर्यादा आली : ५ मायक्रोग्रॅम. ती ठरवताना तिथल्या कामगार सुरक्षा प्रशासनाने बाल्टिमोर आणि पेन्सव्हिल इथल्या क्रोमेट कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदींवरून जोखमीचा हिशेब मांडला आणि तो छापून जाहीर केला. जुन्या ५२ मायक्रोग्रॅमच्या हवेत ४५ वर्षे काम केले तर दर हजार कामगारांमागे १०१ ते ३५१ जण जास्तीचे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरतील. नव्या ५ मायक्रोग्रॅमच्या हवेत हा आकडा हजारी १० ते ४५ राहील.

ही शेवटची ओळ नीट वाचावी. नवी मर्यादा जाहीर करतानाच सरकार सांगत आहे, की या मर्यादेच्या आत राहूनही हजारातले किमान दहा जण दगावतील. मग तरीही ५ का? २००४च्या मसुद्यात १ मायक्रोग्रॅमचा प्रस्ताव होता. उद्योगांना तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या काय झेपेल याचा विचार होऊन ५ ठरले. मी याला लबाडी म्हणत नाही. उलट मला त्यात एक मोठा प्रामाणिकपणा दिसतो, कारण शरीराला काय सोसते आणि धंद्याला काय परवडते या दोन प्रश्नांची उत्तरे तिथे वेगवेगळी लिहिली गेली आणि मधली तडजोड उघड्यावर झाली. आपल्याकडे तडजोडीचा आकडा आला आणि तिचा हिशेब मागेच राहिला. मग त्या आकड्याला सुरक्षिततेचे नाव मिळाले.

इथे एक खबरदारी घेतो. वाळूज किंवा चिकलठाण्यातल्या प्रत्येक प्लेटिंग शॉपमध्ये हवा ५० मायक्रोग्रॅमवर आहे, असा माझा दावा नाही. ४५ वर्षे एकाच टाकीपाशी कुणी उभे राहते असेही नाही. मुद्दा आकड्याच्या अर्थाचा आहे. ज्या पातळीला एका देशाने हजारी शंभराहून अधिक मृत्यूंची पातळी म्हणून सोडून दिले, तीच पातळी आपल्या अहवालात ‘विहित मर्यादेच्या आत’ या शब्दांनी समाधान देत राहते. चाळीस मायक्रोग्रॅमचा निकाल हाती आलेला सेफ्टी ऑफिसर कायद्याने निर्धास्त आहे. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत क्रोमच्या जखमा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेल्या होत्या, आणि असा रुग्ण आला तर डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला कळवावे असे ८९वे कलम सांगत होते. रुग्ण घाटी रुग्णालयात येवो की बजाजनगरातल्या दवाखान्यात, ‘काम काय करता’ हा प्रश्न विचारला गेला नाही तर असे कलम कागदावरच राहते.

आता तासांकडे येऊ. आजच्या घडीला हा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे.

अमेरिकी यादीतला प्रत्येक सरासरी आकडा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४० तास कामासाठी आहे. यामागे शरीराचा एक साधा हिशेब आहे. आठ तास द्रव्य आत येते, सोळा तास शरीर ते बाहेर टाकते, शनिवार-रविवारी उरलेसुरले निघते. आपला आठवडा ४८ तासांचा. तेव्हा आकडा उचलताना तो आपल्या आठवड्याला बसवून घेणे भाग होते. कामाचे तास वाढले की मर्यादा किती कमी करावी याचे एक सूत्र ब्रीफ आणि स्काला यांनी १९७५ मध्ये दिले आहे. जास्तीचा काळ आत जाणारी मात्रा आणि कमी झालेली विश्रांती, दोन्ही त्यात धरल्या आहेत. ४० ऐवजी ४८ तास धरले तर मूळ आकड्याला ०.७८ने गुणावे लागते.

हे कुणाला पुस्तकी वाटेल म्हणून ब्राझीलचे उदाहरण देतो. ब्राझीलचाही कामाचा आठवडा त्या वेळी ४८ तासांचा होता आणि त्यांनीही आकडे अमेरिकेतूनच घेतले. पण १९७८च्या त्यांच्या नियमावलीत टोल्युइनची मर्यादा ७८ पीपीएम आहे आणि कार्बन मोनॉक्साइडची ३९. मूळ अमेरिकी आकडे १०० आणि ५० होते. दोन्हींना ०.७८ने गुणून पाहावे. नऊ वर्षांनी आपण कायदा केला तेव्हा आपल्या सारणीत १०० आणि ५० असेच उतरले. ब्राझीलमधल्या कामगाराच्या यकृताला जी सवलत मिळाली ती वाळूजच्या कामगाराच्या यकृताला मिळाली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे कामाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याला आणि तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्याच्या बाजूने असे सांगितले गेले, की आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, कामगाराची संमती लागेल आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. मजुरीच्या बाजूने या युक्तिवादाला वजन आहे. रसायनांच्या बाजूने पाहिले तर त्या चर्चेत एक ओळही आली नाही.

त्याच सूत्राने बारा तासांच्या दिवसाचा हिशेब करू. मात्रा दीडपट झाली म्हणून मर्यादा दोन तृतीयांश करायची. विश्रांती सोळा तासांवरून बारावर आली म्हणून तिला पुन्हा तीन चतुर्थांश करायचे. दोन्हींचा गुणाकार येतो निम्मा. टोल्युइनचे आपले १०० पीपीएम बारा तासांच्या ड्युटीला ५० होतात, आणि आजच्या ज्ञानाने ठरलेल्या २० पीपीएमपासून निघालो तर १०. म्हणजे पेंट शॉपमधली हवा ९० पीपीएमवर असेल तर अहवाल म्हणेल मर्यादेच्या आत, आणि त्या मर्यादेमागचे शास्त्र म्हणेल नऊपट जास्त.

यावर पूर्वपक्षाचे एक नेमके उत्तर आहे आणि ते झटकून टाकता येत नाही. चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुटी, असे केले तर आठवड्याची मात्रा तेवढीच राहते, मग बिघडले कुठे? शिसे, क्रोमियम, सिलिका यांसारख्या, शरीरात साचणाऱ्या किंवा वर्षांच्या हिशेबाने घात करणाऱ्या द्रव्यांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. तिथे दिवसापेक्षा आठवड्याची आणि आयुष्याची बेरीज महत्त्वाची. पण विद्रावके, कार्बन मोनॉक्साइड, अमोनियासारखे झोंबणारे वायू यांचा प्रताप त्याच दिवशी, त्याच ड्युटीत दिसतो. लांब ड्युटीच्या शेवटी रक्तातली पातळी सर्वांत वर असते आणि थकलेला हात सर्वांत बेसावध. शिवाय तीन दिवसांच्या सुटीचे चित्र ज्याने काढले त्याने तिमाहीतले १४४ तासही मोजावेत. ते सारखे विभागले तर आठवडा ५९ तासांपर्यंत जातो. वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजीत किंवा जोगेश्वरीत खोली भाड्याने घेऊन राहणारा कंत्राटी कामगार जादा तासांना नाही म्हणत नाही. घरभाडे आणि गावाकडे धाडायचे पैसे त्या तासांतूनच निघतात. ही संमती खरी आहे, पण ती मजुरीला दिलेली संमती आहे. हवेत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

विश्रांतीचे गृहीतक आणखी एका ठिकाणी तुटते. ३१ डिसेंबर २०२३च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. ती आगीची दुर्घटना होती, रसायनाच्या मर्यादेशी तिचा संबंध नाही. पण कामाच्या जागीच झोपणारी माणसे या वसाहतीत आहेत, हे तिने साऱ्या शहराला दाखवले. जो माणूस कारखान्यातच राहतो त्याच्यासाठी सोळा तासही नाहीत आणि बाराही नाहीत.

उन्हाळ्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. आठ तासांत माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो असे हिशेबात धरतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये वजन उचलणारा माणूस याहून कितीतरी जास्त हवा ओढतो, त्याच टाकीतून वाफ जास्त निघते आणि गरमीने तोंडावरचा मास्क खाली येतो. त्यात थिनर हे एकच रसायन नसून टोल्युइन, झायलीन आणि आणखी काहींचे मिश्रण असते. एकाच अवयवावर घाव घालणाऱ्या द्रव्यांच्या हिश्श्यांची बेरीज करून पाहावी हा नियम त्या अमेरिकी यादीतच आहे. प्रत्येक रसायनापुढे स्वतंत्र ‘मर्यादेत’ लिहिणारा अहवाल ही बेरीज करत नाही. प्रत्येकी साठ टक्क्यांवर असलेली दोन रसायने मिळून मर्यादा ओलांडतात, पण अहवालात दोन्ही पास झालेली असतात.

आता चौथा मुद्दा, धंदा बुडण्याचा. तो भावनेने खोडता येणार नाही, इतिहासाने खोडता येतो. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल इथल्या पीव्हीसीच्या कारखान्यात यकृताच्या एका अतिदुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले. इटलीत माल्टोनी यांना व्हिनाइल क्लोराइड दिलेल्या उंदरांत त्याच प्रकारच्या गाठी आधीच दिसल्या होत्या. त्या वेळी हवेतली मर्यादा ५०० पीपीएम होती. वर्ष-सव्वा वर्षात ती १ पीपीएमवर आली. उद्योगाने सांगितले की हे अशक्य आहे, लाखो नोकऱ्या जातील. प्रत्यक्षात कारखान्यांनी यंत्रणा बंदिस्त केली, गळणारा वायू परत पकडून वापरला आणि पीव्हीसी आजही जगभर बनते आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण याहून बोलके आहे. झिंक प्लेटिंगवर गंज लागू नये म्हणून यलो पॅसिव्हेशन करत, त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असे. युरोपने भंगारात जाणाऱ्या गाड्यांबद्दल २०००मध्ये निर्देश काढला आणि जुलै २००७ पासून नव्या गाड्यांच्या गंजरोधक लेपात तो बंद केला. ज्यांना युरोपला माल द्यायचा होता त्यांना तीन संयुजेच्या क्रोमियमवर यावेच लागले, आणि ते आले. गिऱ्हाइकाने अट घातली तेव्हा तंत्र सापडले, पैसा उभा राहिला, कामगारही शिकले. टाकीच्या काठाशी धूर ओढणारा एक्झॉस्ट, पृष्ठभागावर फेस धरून तुषार दाबणारे द्रव्य, शोभेच्या प्लेटिंगसाठी तीन संयुजेचे द्रावण, हे उपाय या धंद्यात सर्वांना माहीत आहेत. टाकीपाशी उभ्या माणसासाठी अशी अट घालणारा कुणी नव्हता, एवढाच फरक.

माझ्या बाजूने असलेल्यांपैकी काहींशीही माझे जमत नाही. ‘कर्करोगकारक द्रव्याचा एक रेणूही नको, मर्यादा म्हणजे खुनाचा परवाना’ असे म्हणणारे पुढारी मला भेटतात. त्यांचा संताप मी समजू शकतो, पण आकडा काढून टाकला तर निरीक्षकाच्या हातात काहीच उरत नाही आणि सर्वांत निष्काळजी मालकाचे फावते. आकडा हवाच. प्रश्न आहे तो त्याचा अर्थ काय आणि तो ओलांडण्याआधी काय करायचे, हा.

याचे चांगले उत्तर नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी दिले आहे. कर्करोगकारक द्रव्यांसाठी तिथे एकाऐवजी दोन पातळ्या लिहितात. कामाच्या पूर्ण आयुष्यात हजारी चारपेक्षा जास्त जोखीम असलेली वरची पातळी कुणालाच चालत नाही. खालची पातळी लाखामागे चार या ध्येयाची. या दोहोंच्या मध्ये असलेल्या मालकाला ‘मी मर्यादेत आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत. पातळी आणखी खाली आणण्यासाठी तो काय करतो आहे ते त्याला दाखवावे लागते. फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा १ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या मर्यादेचा पन्नासावा भाग. तिथले प्लेटिंग बंद पडलेले नाही.

हे सगळे आजच बोलण्याचे कारण कायद्यातच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीची संहिता लागू झाली. १९८७ची सारणी कायद्याच्या अंगाचा भाग होती. नव्या संहितेने रसायनांच्या कमाल पातळ्या ठरवण्याचे काम राज्य सरकारच्या नियमांवर सोपवले आहे. यात धोका आहे, कारण राज्याराज्यांत ढिलाईची चढाओढ लागू शकते. संधीही तेवढीच मोठी आहे : महाराष्ट्राला प्रथमच स्वतःचे आकडे लिहिता येतील. जुनी सारणी पुन्हा टंकून नियमांना जोडली, तर चाळीस वर्षांपूर्वीचे अमेरिकी ज्ञान, ४० तासांचा आठवडा आणि आठ तासांचा दिवस असे तिन्ही गृहीतकांचे ओझे पुढच्या पिढीवर जाईल.

नियमांत पाच गोष्टी याव्यात असे माझे म्हणणे आहे. प्रत्येक सरासरी आकड्यापुढे तो किती तासांसाठी आहे हे छापावे आणि ड्युटी लांबली की तो किती खाली येतो त्याचे सूत्र त्याच पानावर द्यावे. बारा तासांची परवानगी मागणाऱ्या कारखान्याने सुधारित आकड्याशी आपली मोजणी जुळवून दाखवावी. कर्करोगकारक द्रव्यांच्या आकड्यापुढे हजारी जोखीम लिहावी. मोजणी शेडच्या कोपऱ्यात यंत्र ठेवून न करता कामगाराच्या कॉलरला पंप लावून, पूर्ण ड्युटीभर व्हावी. त्याच्या जोडीला क्रोमियमसाठी लघवीची आणि शिशासाठी रक्ताची तपासणी व्हावी, कारण हवेचा आकडा खोलीबद्दल सांगतो आणि रक्ताचा आकडा माणसाबद्दल. आणि निकाल मराठीत व हिंदीत खात्याच्या फलकावर लागावा, कायम कामगारांसाठी लागतो तसाच ठेकेदाराच्या माणसांसाठीही. कामगाराला सुरक्षेची माहिती मिळण्याचा हक्क जुन्या अधिनियमातही होता. तो त्याने अर्ज करून मागावा अशी त्याची स्थिती नसते.

चिकलठाण्यातल्या किंवा वाळूजमधल्या प्लेटिंग शॉपच्या फलकावर तेव्हा अशी ओळ असेल : हेक्साव्हॅलंट क्रोमियम, आजची मोजणी इतकी, बारा तासांच्या ड्युटीची मर्यादा इतकी, या पातळीला कामाच्या आयुष्यभरात हजारी जोखीम इतकी, मागच्या वर्षी इतकी होती. ती वाचून कामगार प्रश्न विचारेल, मालकाला उत्तर तयार ठेवावे लागेल, आणि पुढच्या वर्षीचा आकडा यंदापेक्षा खाली का आला नाही हे निरीक्षकाला विचारता येईल.